देवीचा चौथा चरण

एका राज्यात दिवस कोंबड्याच्या आरवण्याने उजाडत नसे. तो जात्याच्या घरघरीने उजाडत असे. राज्याच्या मधोमध एक टेकडी होती, टेकडीवर कणेश्वरी देवीचे देऊळ होते आणि गाभाऱ्यासमोर काळ्या पाषाणाचे एक जाते रोवलेले होते. राजघराण्यातील थोरल्या कन्येने सूर्योदयापूर्वी स्नान करून त्या जात्यावर नैवेद्याचे धान्य दळावे आणि दळताना ओवी म्हणावी, असा तेथला नेम होता. ओवी अशी:

धान्य घातले जात्यांत ।
खुंटा धरिला हातांत ।
माय बैसली आंत ।

चौथा चरण मात्र कोणी म्हणत नसे. पूर्वी एका भक्तिणीने ही ओवी रचावयास घेतली, तेव्हा तीन चरण तिला साधले आणि चौथा काही केल्या सुचेना. तिने ओढूनताणून शब्द बसवला नाही. ती नुसती दळीत राहिली. शेवटचा दाणा दळून झाला, तेव्हा गाभाऱ्यातून देवीनेच चौथा चरण पुरा केला. तेव्हापासून तो मान देवीचा. दळणारीने तीन चरण म्हणावेत, मुकाट्याने दळण संपवावे आणि कान देऊन बसावे. मग देवी बोले. तिचे बोलणे फार थोडे असे. कधी 'सगे येती', कधी 'गाय व्याली', कधी 'ऊन आहे'. 'ऊन आहे' असे ऐकले की गावोगावच्या बायका पापडांची पिठे भिजवीत, आणि त्या दिवशी आभाळ भरून येण्याची हिंमत करीत नसे.

ह्या राज्याचा राजा मणिरथ. राणी लवकर निवर्तली होती. मागे एकुलती एक कन्या, इरावती. मुलगी बुद्धीने तल्लख, मनाने निर्मळ. परंतु पायाला भिंगरी आणि जिवाला घाई. दही लागले की नाही हे पाहण्यासाठी ती विरजलेले भांडे हलवून पाही. कळी उमलत नाही म्हणून पाकळ्या बोटांनी उलगडी. दासी म्हणत, "बाईसाहेब, भाताला वाफ तरी धरू द्या." त्यावर ती म्हणे, "वाफेला माझा निरोप सांगा." राजा हसे. आई नसलेल्या लेकीला रागे भरणे त्याच्या जिवावर येई.

एके पहाटे देवळाच्या पायथ्याशी कालकंठ नावाचा मांत्रिक आला. त्याने मैदानात चादर अंथरली, डमरू वाजवला आणि हाळी दिली, "आंब्याची कोय पुरतो आणि पापणी लवते न लवते तोच पिकलेला आंबा हाती देतो. एकदाच होईल, पुन्हा होणार नाही."

इरावती जात्यावर बसली होती. तीन चरण म्हणून झाले होते, मूठभर धान्य जात्यात शिल्लक होते आणि खालून लोकांचा गलबला वर येत होता. तिच्या मनात आले, देवी बोलते ती चार अक्षरे. चार अक्षरे मलाही जुळवता येतात. तिने खुंटा सोडला आणि घाईघाईने म्हणून टाकले, "झाले आता." आणि ती धावत निघाली.

राजा मणिरथ फुलांची परडी घेऊन देवळात येत होता. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. लेक पळताना दिसली तसा त्याने हात उचलला आणि तो म्हणाला, "इरा, थां…"

शब्द तेवढ्यावरच अडला. हात वर राहिला, पाय उंबऱ्यावर राहिला, ओठ उघडे राहिले. जाते आपोआप एकदा करकरले आणि त्यातून आवाज आला, "जे झाले नव्हते त्याला झाले म्हटले. देवीच्या मुखातून चौथा चरण येईपर्यंत ह्या राज्यात आता काहीच होऊन संपणार नाही." मग जाते घट्ट बसले.

शापाला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून दूध विरजेना. अढीत घातलेले आंबे हिरवेच राहिले. कणसातला दाणा दुधातून पुढे जाईना. एका घरी लग्न लागत होते. तेथे भटजींचे 'सावधान' पुरे होईना, त्यामुळे वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळले आणि मंडळी मुठीत अक्षता धरून उभी राहिली. वराची मावशी तेवढी म्हणाली, "तरी मी म्हणत होते, मुहूर्त पुढचा धरा."

सर्वांत वाईट गोष्ट उंबऱ्यावर होती. राजाची पावले दगडाची झाली होती, आणि दगड रोज थोडा थोडा वर चढत होता. तो ओठांवरून गेला की अडकलेला शब्द आतच बुडणार, आणि शब्दाबरोबर राजाही, हे सांगायला ज्योतिषी लागला नाही.

जाते फिरवण्यासाठी पहिलवान आणले, मग बैल जुंपले, मग हत्ती. हत्तीचा साखळदंड तुटला. जाते तसूभर हलले नाही. तेव्हा कालकंठ हातात आंबा घेऊन टेकडी चढून वर आला. शाप लागल्यापासून त्याची झोळी फुगत चालली होती, कारण जगात जे पिकायचे राहून जाई ते त्याच्या झोळीत पिके.

"राजकन्ये, ह्या देवळाची किल्ली मला द्या," तो म्हणाला. "सूर्य माथ्यावर येण्याआधी महाराज बोलू लागतील."

इरावतीने आंबा घेऊन चिरला. आत कोय नव्हती. तिने तो परत केला आणि ती म्हणाली, "ज्याच्या आंब्याला कोय नाही, त्याच्या शब्दाला तरी काय असणार? वाट धरा."

ती बोलली खरी, पण पुढे काय करावे ते तिला कळेना. तेव्हा घंटेच्या साखळीवर राहणारी साळुंकी खाली उतरली. देवळातील पक्षी बोलत, ह्यात त्या राज्यात कोणाला नवल वाटत नसे.

"इतके दिवस मला कोणी विचारले नाही, म्हणून मी बोलले नाही," साळुंकी म्हणाली. "देवीचा चरण कोठे गेला ते मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्या धनेशीणबाई उत्तरेच्या अरण्यात राहतात. वाटेत नदी आहे, खिंड आहे. तुमच्या स्वभावाच्या माणसाने जाऊ नये, असे माझे मत."

"माझ्या स्वभावाची दुसरी कोणी येथे नाही, म्हणून मलाच जावे लागेल," इरावती म्हणाली. तिने वडिलांच्या दगडी पावलांवर डोके ठेवले आणि ती निघाली. साळुंकी तिच्या खांद्यावर बसली.

राज्याची सीमा ओलांडल्यावर नदी लागली. पाणी मातीच्या रंगाचे. उतारावर एक यक्ष गुडघाभर पाण्यात बसला होता.

"मला तहान लागली आहे," यक्ष म्हणाला. "ह्याच नदीचे पाणी, पण निवळ, वाटीभर पाज आणि पलीकडे जा."

इरावतीने काशाची वाटी भरली आणि काठावरच्या खडकावर ठेवली. थोड्या वेळाने उचलून पाहिली, पाणी गढूळच. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. दुपार कलली तरी पाणी जसेच्या तसे.

"ही नदीच खोटी आहे," ती म्हणाली.

"नदी खरी आहे," साळुंकी म्हणाली. "गाळ बिचारा खाली बसू पाहतो. तुम्ही दर वेळी त्याला उठवून विचारता, बसलास का?"

इरावतीला राग आला. पण राग येऊनही पाणी गढूळच होते. शेवटी तिने वाटी खडकावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. काय करावे हे सुचेना, म्हणून सवयीने ओवीचे तीन चरण म्हटले आणि देवळात बसावे तशी ती गप्प बसली. आधी जीव कासावीस झाला. मग एक बेडूक दगडावर येऊन बसला, त्याच्याकडे ती पाहत राहिली. पुढे कधीतरी तिची नजर वाटीकडे वळली, तो तिला पाण्यात आपला चेहरा दिसला. यक्षाने पाणी पिऊन मिशा पुसल्या आणि वाट सोडली.

साळुंकी राज्यात जाऊन आली. "दगड गुडघ्यांपर्यंत," ती म्हणाली.

पुढे खिंड लागली. खिंडीच्या तोंडाशी सुताचा डोंगर पडला होता, सगळा गुंताच गुंता, आणि त्यावर एक राक्षसीण पाय पसरून पान खात बसली होती.

"गुंता सोडव आणि वाट काढ, पोरी," राक्षसीण म्हणाली. "धागा तुटला की मी सगळे पहिल्यासारखे करीन."

इरावतीने हाताला आलेला धागा ओढला. गाठ आवळली. तिने जोराने ओढला.

"ओढ, आणखी ओढ," राक्षसीण म्हणाली. "माझी मावशी अशीच ओढीत ओढीत म्हातारी झाली. ती पाहा, त्या ढिगाखाली तिची चप्पल आहे."

धागा तुटला, आणि उलगडलेले सूत पुन्हा ढिगात जाऊन बसले. इरावतीचे डोळे भरून आले. वडिलांच्या अंगावरचा दगड तिला डोळ्यांपुढे चढताना दिसत होता. मग तिला यक्षाची वाटी आठवली. तिने ओढणे सोडले आणि ती बोटांनी गुंता नुसता सैल करू लागली. सैल झाला तेथे टोक आपण होऊन वर आले. टोक हाती आले तरी ती धावली नाही. गाठ आली की थांबे, गाठीच्या पोटात नख घाली आणि ती ढिली होईपर्यंत तीन चरण गुणगुणे. पान रंगून ओठ सुकले, तरी राक्षसीण उठून गेली नाही. तिलाही पाहावेसे वाटू लागले. अखेर सगळ्या डोंगराचे एकच गुंडाळे झाले, आणि खाली खरोखरच एक चप्पल सापडली.

"मावशी उगीचच मेली म्हणायची," राक्षसीण म्हणाली. "हे गुंडाळे जमिनीवर सोड. जेथे थांबेल तेथे तुझे काम."

साळुंकी राज्यातून परतली. "कंबरेपर्यंत," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

गुंडाळे घरंगळत अरण्यात शिरले आणि बेहड्याच्या एका प्रचंड झाडाशी थांबले. खोडात ढोली होती. तिचे तोंड चिखलमातीने लिंपून बंद केलेले होते. मधे एक चीर, आणि चिरेतून वाकड्या पिवळ्या चोचीचे टोक बाहेर आलेले.

"कोण आहे?" आतून विचारणा झाली.

"कणेश्वरीच्या राज्यातील इरावती. देवीचा चौथा चरण कोठे गेला, ते विचारावयास आले आहे."

"सांगेन. पण बाहेर आल्यावर. फटीतून मोठ्या गोष्टी सांगण्याची रीत आमच्या कुळात नाही."

"आपण बाहेर कधी याल?"

"पिल्लाला पिसे फुटली म्हणजे."

"ती कधी फुटतील?"

"फुटली म्हणजे." चोच क्षणभर आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. "आमच्यात मादी स्वतःला असे चिणून घेते आणि नर तिला फळे भरवतो. माझे धनी फळे आणावयास गेले ते परतले नाहीत. तू उंबरे आणून देशील काय?"

इरावतीने उंबरे आणली. दुसऱ्या दिवशीही आणली. सकाळी उंबरे, दुपारी उंबरे, संध्याकाळी उंबरे. चोच ती एकेक करून घेई आणि 'पुरे' एवढेच म्हणे. दिवस असे जाऊ लागले. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते. साळुंकी गेली आणि आली. "छातीपर्यंत," ती म्हणाली.

त्याच दिवशी कालकंठ तेथे आला. झोळी आता त्याला पेलत नव्हती. तो जवळ बसला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "बाळ, तुझ्या बापाच्या छातीवर दगड आणि तू पाखरांना फळे भरवतेस. ती भिंत केवढी? चिखलाची. एक घाव घाल, उत्तर घे आणि घरी जा. कोण तुला नावे ठेवील?"

बाप म्हटल्यावर इरावतीचा हात तिच्या ताब्यात राहिला नाही. तिने धोंडा उचलला आणि भिंतीवर मारला. टवका उडाला. आतून एक बारीक, उघडा चीत्कार ऐकू आला. तसा धोंडा तिच्या हातून गळून पडला.

मग आतून आवाज आला, "भिंतीचा टवका गेला आहे. पिल्लाला वारा लागतो. ओली माती आण."

इरावतीने पदरात माती आणली. चोचीने ती घेऊन भिंत आतून लिंपली.

"आपण माझ्यावर रागावला नाहीत?" तिने विचारले.

"रागवायला बाहेर यावे लागते," धनेशीण म्हणाली. "तूर्त मला काम आहे."

इरावती कालकंठाकडे वळली. "आपण जा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच बहुधा तो गेला.

पुढे ती रोज फळे आणी आणि झाडाशी बसून ओवी म्हणे. एकदा तिसऱ्या चरणाशी ती अडखळली. माय बैसली आंत. जन्मभर म्हटलेले शब्द. पण माय आत बसून काय करते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आत म्हणजे नुसते दार बंद, असेच तिने धरले होते. दह्याच्या भांड्यात, कळीत, भाताच्या वाफेत, ह्या मातीच्या भिंतीमागे कोणीतरी काम करीत बसले आहे आणि आपण बाहेरून दार ठोठावीत आहोत, हे तिला त्या दिवशी कळले. त्यानंतर चोचीला तिने कधी विचारले नाही, आणखी किती दिवस.

एका सकाळी आतून टकटक सुरू झाली. इरावतीचे हात पुढे झाले, आणि तिने ते मागे घेतले. भिंत आतून फुटली. धनेशीण बाहेर आली, पिसे विसकटलेली, पंख आखडलेले. तिच्यामागे नवी पिसे फुटलेले पिल्लू.

"आता ऐक," धनेशीण म्हणाली. "देवीचा चरण कोठेही गेलेला नाही. देवी जेथे होती तेथेच आहे. मुली, तूच उठून गेली होतीस. जाऊन जात्याच्या खुंट्यावर हात ठेव आणि बैस. जोर लावू नकोस. तिच्या भिंती तीच फोडील."

एवढे सांगून तिने इरावतीला पिल्लासकट पाठीवर घेतले. पंख आखडलेले असूनही ते त्या दिवशी राज्यापर्यंत पुरले.

देवळात लोक जमले होते. दगड राजाच्या गळ्यापर्यंत आला होता. ओठ तेवढे माणसाचे राहिले होते, आणि ते अजून 'थां' म्हणावे तसे उघडे होते. इरावती उंबऱ्यावरून आत गेली, जात्याशी बसली, खुंट्यावर हात ठेवला आणि तीन चरण म्हटले. मग ती गप्प झाली.

जाते हलले नाही. लोक चुळबुळले. दगड राजाच्या हनुवटीला लागला.

"म्हणून टाका काहीतरी," मांत्रिक दारातून ओरडला. "चार अक्षरे तर आहेत. बाप जातो आहे."

इरावतीच्या तोंडी शब्द आला होता. ती तो बोलली नाही. तिने डोळे मिटले नाहीत, वडिलांवरून नजर काढली नाही, खुंट्यावरचा हातही आवळला नाही. आत कोणी बसले आहे, एवढेच तिने मनाशी धरले. दगड खालच्या ओठाला टेकला.

तेव्हा तिच्या हाताखाली जाते फिरू लागले. तिने ते फिरवले नाही. ती त्याच्याबरोबर फिरली. त्या पहाटेचे मूठभर धान्य शिल्लक होते, ते दळले गेले. शेवटचा दाणा पीठ होऊन बाहेर पडला. देऊळ शांत झाले, आणि गाभाऱ्यातून देवीने चौथा चरण म्हटला:

वाट पाहे ।

ह्यापूर्वी देवीने सग्यासोयऱ्यांचे सांगितले होते, गायीचे सांगितले होते. स्वतःविषयी ती कधी बोलली नव्हती. आपण येथे बसून तिची वाट पाहत होतो, तेव्हा ती आत बसून आपली पाहत होती, हे ऐकून इरावतीने जात्यावर कपाळ टेकले.

दगड राजाच्या अंगावरून धुळीसारखा झडला. त्याचा दुसरा पाय उंबऱ्याच्या आत आला, हात खाली आला, आणि अडकलेला शब्द पुरा झाला.

"…ब," राजा मणिरथ म्हणाला.

"थांबले, आबासाहेब," इरावती म्हणाली.

खाली गावात 'सावधान' पुरे झाले, अंतरपाट दूर झाला आणि मुठीत घामाने भिजलेल्या अक्षता अखेर डोक्यांवर पडल्या. अढीत आंब्यांना रंग चढला, कणसात दाणा भरला. कालकंठाची झोळी फाटली. दुसऱ्यांचे पिकलेले ज्याचे त्याला परत गेले, आणि तळाशी जाळ्यात गुरफटलेला एक धनेश निघाला. त्याच्या चोचीत अजून तेव्हाचे उंबर होते. ते त्याने आपल्या घरधनिणीला दिले. ती म्हणाली, "उशीर झाला," आणि ते पिल्लाला भरवले.

राजाने मांत्रिकाला फाशी दिली नाही. त्याला आंब्याची एक खरी कोय दिली, नदीकाठी जागा दिली आणि सांगितले, "हिला फळ धरेपर्यंत पाणी घाल. मग जाशील तेथे जा." सांगतात की झाडाला मोहर आला तेव्हा तो जाण्याचे विसरून गेला होता.

त्या रात्री इरावतीने स्वतःच्या हाताने दूध विरजले, भांडे झाकून फडताळात ठेवले आणि ती झोपी गेली. सकाळी दही कवडीदार लागले होते. राजाने जेवताना दुसऱ्यांदा मागून घेतले. साळुंकीला वाटीत थोडे दिले, तिला ते किंचित आंबट वाटले; पण तिने तसे म्हटले नाही. जशी त्या घरची घडी बसली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरची बसो. आणि ज्यांचे भांडे अजून फडताळात आहे, त्यांनी ते हलवू नये.